पायांशी मी बोलत नाही

माझा उजवा डोळा देवीच्या साथीत गेला. मी तेव्हा रांगत होते. बुबुळावर पांढरं फूल पडलं ते पडलंच. त्या डोळ्याला उजेड कळतो, रंग कळतो, समोर माणूस उभा आहे की कपाट, एवढं कळतं. चेहरा कळत नाही. बाकी सगळा संसार मी डाव्या डोळ्यावर केला. उदगीरकडच्या गावातून लग्न होऊन हैदराबादला आले, चिक्कडपल्लीत घर मांडलं, गल्लीतल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवली, प्रशांतला शिकवून नोकरीला लावलं. दोन डोळेवाल्यांना जे दिसत नाही ते मला एका डोळ्यानं दिसतं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते.

त्याच डाव्या डोळ्यात संक्रांतीनंतर विजा चमकायला लागल्या. मग काळे ठिपके उडायला लागले, फोडणीत मोहरी उडते तसे. मी म्हणलं, वय झालं, उडू दे. एका दुपारी पोळी लाटत होते, तर अर्ध्या पोळीवर सावली पडली. पोळी फिरवली, तरी सावली तिथंच. पोळपाट फिरवला, तरी तिथंच. तेव्हा लाटणं खाली ठेवलं आणि सुनेला हाक मारली.

"त्रिवेणी, प्रशांतला फोन लाव. माझा डोळा चाललाय."

नामपल्लीच्या बाजूला डोळ्यांचा मोठा दवाखाना आहे, तिथं नेलं. डॉक्टरीणबाई तेलुगू, पण बोलायची आपल्या हैदराबादी हिंदीत. पोरीसारखी पोर, पण नजर माझ्यासारखी. म्हणाली, "अम्मा, अंदर का परदा फट गया. आजच करना पडता."

मी म्हणलं, "नीट समजावून सांग. मला चौथीपर्यंतच शाळा आहे, पण अक्कल पुरती आहे."

तिनं समजावलं. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला एक पातळ पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटावा तसा तो सुटत चाललाय. लेसरनं त्याच्या कडा शेकायच्या, म्हणजे चिकटतील. पण चिकटेपर्यंत दाबून धरायला काहीतरी पाहिजे, म्हणून डोळ्यात गॅसचा फुगा सोडायचा. फुगा नेहमी वर जातो आणि पडदा आहे मागे. तर मागची बाजू वर यायला पाहिजे.

"म्हणजे?"

"म्हणजे मान खाली. आठ दिवस. बसताना खाली, चालताना खाली, जेवताना खाली, झोपताना पालथं. मान वर केली की फुगा सरकला. फुगा सरकला की पडदा सुटला. दुसऱ्यांदा चिकटेल असं मी सांगू शकत नाही."

प्रशांत माझ्याकडे बघायला लागला. आमचे हे, प्रतापराव, तेही बघायला लागले. बापलेकांच्या मनात एकच होतं, मला बघायची गरज नव्हती. भामाबाई आणि मान खाली!

यांना तसं वाटण्यासारखं कारण होतं. माझी थोरली जाऊ तारामती, इथंच हैदराबादेत जामबागला राहते. मी तिला आक्का म्हणते. तिच्या दिलीपच्या लग्नात हळद फोडायला पाच सवाष्णी बसवल्या, त्यात मला बसवलं. मी मुसळाला हात लावला, तर आक्कानं ते माझ्या हातातून काढून घेतलं. सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "भामा नको. पहिला हात एकडोळीचा नको लागायला." मी उठले, साडी झटकली आणि बाहेर येऊन बसले. त्या दिवसापासून मी तिच्या पाया पडले नाही. आमच्यात धाकट्या जावेनं थोरलीच्या पाया पडायचं असतं, दसऱ्याला, लग्नकार्याला, प्रवासाहून आल्यावर. मी ताठ उभी राहून लांबूनच हात जोडते. उदगीरपासून नांदेडपर्यंत सगळ्या भावकीला हे माहीत आहे. आक्का म्हणायची, "वाकेल एक दिवस." मी म्हणायचे, "वाट बघा."

"काय करायचं, आई?" प्रशांतनं विचारलं.

"काय म्हणजे? एवढा एकच डोळा आहे. मान घालते खाली."

ऑपरेशनच्या वेळी जागीच होते. डोळ्याच्या बाजूला सुई टोचली, तोंडावर कापड टाकलं. मग विहिरीच्या तळातून वर बघावं तसे दिवे हलायला लागले. लेसर सुरू झाला की हिरवी ठिणगी, परत ठिणगी, आणि आत कुठंतरी खोल चिमटा बसल्यासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "हिलना नक्को अम्मा." मी म्हणलं, "मी हलत नाही, तू हलू नको." तिचं तोंड बांधलेलं होतं, पण हसल्याचं मला ऐकू आलं.

घरी आल्यावर माझ्या शिलाई मशीनचा उपयोग झाला. जुन्या धाटणीचं मशीन, आत दुमडून ठेवायचं. प्रशांतनं वरचा लोखंडी भाग काढून बाजूला ठेवला. टेबलाला मधे जी चौकट राहिली तिला त्रिवेणीनं वाकळ दुमडून लावली. त्या चौकटीत तोंड घालून मी बसायची. कपाळ वाकळेवर, हनुवटी वाकळेवर, आणि खाली फरशी. ज्या मशीननं डोळा शिणवला त्याच मशीननं सांभाळला.

डाव्या डोळ्यात फुगा, त्यामुळं त्यातून नुसतं पाण्यात बघितल्यासारखं. उजव्याला आकार दिसायचे. तर आठ दिवस मी जगाचे पाय बघितले. त्रिवेणीचे पाय दिवसभर पळतात, हे मला माहीत नव्हतं. प्रशांतचे पाय घरात आले की आधी फ्रीजकडं जातात, हे माहीत होतं. यांचे पाय येऊन समोर थांबायचे, बराच वेळ काही बोलायचे नाहीत आणि परत जायचे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी न्हाणीघरातून मशीनकडं चालले होते. कमरेत वाकलेली, मान छातीला टेकलेली, त्रिवेणीचा हात कोपराला. दार उघडंच होतं. उंबऱ्याशी आले आणि गुडघ्याला चोळायच्या तेलाचा वास आला. समोर दोन पाय. एक जरा ओढून टाकलेला. माझं डोकं त्या पायांच्या बरोबर वर.

आणि डोक्यावर हात आला.

"असू दे, असू दे. सुखी राहा."

आक्काच! तिच्यामागे तिची सून अपर्णा आणि नात्यातल्या आणखी दोघी. मला भेटायला आलेल्या. त्या दोघींपैकी एकीच्या तोंडून "अग्गोबाई" असं निघालंसुद्धा.

माझी मान आपोआप वर यायला लागली. खरंच सांगते, मी मानेला वर बोलावलं नव्हतं. कितीतरी वर्षांची सवय होती ती. त्रिवेणी घाबरून ओरडली, "आई!" मी दात खाल्ले आणि मान परत खाली दाबली. मानेच्या शिरा तटतटल्या. आक्काचा हात अजून डोक्यावरच होता.

"आक्का, हात काढा," मी फरशीला म्हणलं. "ही मान डॉक्टरणीनं वाकवलीय. तुमच्यासाठी नाही वाकली."

"कशासाठी का वाकंना," आक्का म्हणाली, "वाकली ना?"

बायका हसल्या. अपर्णाचे पाय तेवढे कसनुसे मागे सरकले. मी मशीनशी जाऊन चौकटीत तोंड घातलं. आक्का खुर्चीवर बसली, मशीनच्या पलीकडं, अशी की मला नुसती तिची पावलं दिसावीत. चहा बिनसाखरेचा मागितला. डॉक्टरांची, दवाखान्यांची, या शहरातल्या रहदारीची उणीदुणी काढली. मग कप ठेवायला गेली आणि कप टेबलाच्या कडेला लागून खाली पडला. "इथं टेबल कुणी ठेवलं?" असं म्हणून त्रिवेणीवरच डाफरली.

निघताना एक गोष्ट झाली. तिचा पाय चप्पल शोधत होता. चप्पल तिथंच होती, पांढऱ्या फरशीवर काळी चप्पल, मला उजव्या डोळ्यानं दिसत होती. तिचा अंगठा इकडं चाचपायचा, तिकडं चाचपायचा. अपर्णानं वाकून चप्पल पायाखाली सरकवली, तेव्हा ती गेली. वर मान असती तर माझं तिकडं लक्ष गेलं नसतं. पण तेव्हा मला राग एवढा होता की दिसलं तसंच सोडून दिलं.

संध्याकाळी फोन सुरू झाले. उदगीरहून नणंद, नांदेडहून चुलतसासू. "भामा, ऐकलं ते खरं का? पाया पडलीस म्हणे आक्काच्या. बरं केलंस बाई, मिटलं एकदाचं." मी फोन कानाला लावून चौकटीत तोंड घालून बसलेली. काय सांगणार? एकीला समजावलं, दुसरीला समजावलं, तिसरीला म्हणलं, "तुमचं पुरण करपतंय, जा." फोन ठेवला.

हे येऊन समोर थांबले. नुसते पाय.

"बोला की," मी म्हणलं.

"काही नाही. म्हणलं, तुला राग आला असेल. चुकून मान वर करशील."

"मी कधी चुकून काही केलंय?"

मग चटई सरकल्याचा आवाज आला. माझा नवरा, गुडघे मोडत, कण्हत, मशीनच्या टेबलाखाली उताणा पडला आणि चौकटीतून वर माझ्याकडं बघायला लागला. अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा त्या माणसानं इतकं सरळ बघितलं नव्हतं.

"आता बोल," म्हणाले. "तोंड दिसल्याशिवाय तुझ्याशी बोलता येत नाही. तू रागावलीस की हसतीयस तेच कळत नाही."

त्या क्षणी मला ते सुचलं. वाकलेल्या माणसाचं तोंड बघायचं तर त्याच्याहून खाली जावं लागतं.

"त्रिवेणी!" मी हाक मारली. "ही चटई आता उचलायची नाही. उशी पण ठेव. ज्याला माझ्याशी बोलायचंय त्यानं इथं पडून बोलायचं. पायांशी मी बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी शेजारची तेलुगू बाई आली, ती हसत हसत आडवी झाली. प्रशांतच्या ऑफिसातले साहेब आले. पँट सांभाळत, बूट काढून, तेही पडले आणि "कैसे हैं अम्मा" म्हणाले. आमच्या गल्लीत बोलबाला झाला की भामाबाईच्या घरी दर्शन उताणं पडून घ्यायचं असतं. वरून मी सगळ्यांना बघून घेतलं. डोळ्यातला फुगाही लहान होत होता. त्याची कड पाण्याच्या रेघेसारखी हलायची आणि अगदी जवळ आलेला चेहरा अंधूक दिसायला लागला होता. मान मात्र तुटून हातात येईल असं वाटायचं. पाठीत आग, कपाळावर वाकळेचे वळ. त्रिवेणी म्हणायची, "आई, थोडं टेकता का?" मी म्हणायचे, "टेकायला जन्म पडलाय."

आणि आक्का परत आली. परत त्याच बायका घेऊन. मला ठाऊकच होतं, एकदा चव लागली की माणूस दुसऱ्यांदा ताट घेऊन येतो.

"काय भामे, कशी आहेस?"

मी गप्प.

"अगं, बोल की."

त्रिवेणीनं सांगितलं, "काकू, आई खाली चटईवर आलेल्यांशीच बोलतात. सगळ्यांना तोच नियम आहे."

"मी? मी झोपू हिच्या पायाशी?"

"पायाशी नाही," मी फरशीला सांगितलं. "तोंडाशी. नसेल जमत तर राहू द्या. चहा घेऊन जा."

"माझे गुडघे बघितलेस का?"

"तुमचे गुडघेच बघतीय मघापासून."

एक बाई फिसकन हसली. मला वाटलं, आता आक्का तरातरा जाणार. पावलं वळलीसुद्धा. मग थांबली.

"सगळ्या बाहेर जा," आक्का म्हणाली. "अपर्णा, मला धर आधी, मग तूपण जा. दार ओढून घे."

तेलाचा वास खाली खाली आला. अपर्णानं एका बाजूनं, त्रिवेणीनं दुसऱ्या बाजूनं धरून आक्काला चटईवर निजवलं आणि दोघी बाहेर गेल्या. आक्काचं डोकं चौकटीखाली आलं. मी वरून बघितलं. माझी जाऊ, जिच्यासमोर सगळी भावकी वाकते, माझ्या मशीनखाली उताणी.

मी वाट बघत होते की आता काही खवचट बोलेल. माझ्याकडं उत्तरं तयार होती.

"भामे," ती हळूच म्हणाली, "दुखतं का गं?"

"काय?"

"लेसर."

दार नीट लागलंय ना ते तिनं मान वळवून बघितलं.

"मला सांगितलंय करायला. साखरेनं डोळ्याच्या आत रक्त झिरपतंय म्हणे. दोनदा बोलावलं, मी गेले नाही. दिलीपला काही बोलले नाही मी. हल्ली संध्याकाळी पायरी दिसत नाही. चप्पल दिसत नाही. तुझ्या घरी परवा कप..." ती थांबली. "डोळ्यात जाळतात गं ते. आपलाच डोळा जळताना आपणच बघायचं?"

तेव्हा मला कळलं की ती परवा नुसती मिरवायला आली नव्हती. विचारायला आली होती आणि बायकांसमोर विचारता आलं नव्हतं. म्हणून डोक्यावर हात ठेवून, मिरवून गेली. मीही तिच्या जागी तेच केलं असतं.

पण जीभ माझीच आहे. ती म्हणाली, "एकडोळीला विचारायला आलात होय?"

आक्कानं डोळे मिटले. परत उघडले.

"दुसरं कुणाला विचारू? दोन डोळेवाल्यांना काय कळतंय?"

हे तिच्या तोंडून ऐकायला मी किती दसरे काढले होते, आणि ऐकलं तेव्हा ती खाली पडलेली, मी वर वाकलेली, दोघींच्या मधे एक वीत.

"दुखतं," मी म्हणलं. "खोटं सांगणार नाही. चिमटा बसतो. पण हातातलं मुसळ काढून घेतलंत तेव्हा दुखलं त्याच्या पाव हिश्शानंही नाही."

"ते अजून धरून बसलीस?"

"धरून ठेवायची सवय होती म्हणून ही मान धरता आली."

माफी वगैरे मागणाऱ्यातली ती नाही, आणि मागितली असती तर मलाच कसंतरी झालं असतं.

"सोमवारी माझी तपासणी आहे," मी म्हणलं. "तुम्ही माझ्याबरोबर यायचं. दिलीपला आज सांगायचं. तुम्ही नाही सांगितलं तर मी फोन लावते, माझं तोंड मोकळंच आहे."

"बघते."

"बघायला डोळा राहिला पाहिजे. हो म्हणा."

"हो म्हणलं की गं." मग म्हणाली, "आता मला उठव."

"मी कशी उठवू? मान वर करू का तुमच्यासाठी?"

"नको नको!" तीच घाबरली. "राहू दे. तशीच राहा तू. हाक मारू नको लगेच. जरा पाठ टेकलीय."

सोमवारी रिक्षात मी वाकलेली, शेजारी आक्का ताठ बसलेली. नामपल्लीपर्यंत मी रिक्षाचा पत्रा बघितला. ती मला सांगत होती, आता सिग्नल, आता वळलो, आता दवाखाना. मधे एकदा म्हणाली, "ती काय पाटी आहे, दिसत नाही." मी म्हणलं, "मलापण नाही दिसत, चला."

डॉक्टरीणबाईनं डोळ्यात थेंब घातले, भिंग धरलं, दिवा टाकला. वर बघा, खाली बघा, उजवीकडं बघा. आठ दिवसांची आग, फोन, बायकांचं हसणं, सगळं त्या एका पडद्यावर टांगलेलं.

"चिपक गया, अम्मा," ती म्हणाली. "अच्छा चिपक गया. अब सर उठाओ."

"नक्की?"

"हौ, नक्की. पीठ पे सोना नक्को, हवाई जहाज में बैठना नक्को, जब तक गॅस है."

"विमानाचं ठरतच आलं होतं," मी म्हणलं, "आता राहू दे."

आणि मान उचलली. हाडं कडाडली. वरचा पंखा दिसला, पात्यावरची धूळसुद्धा दिसली, अर्धी रेघेच्या वर, अर्धी रेघेच्या खाली. आठ दिवसांत मला कुणी इतकं सुंदर दिसलं नव्हतं.

आक्काचा डोळा तपासायला वेळ लागला. दिलीप आला होता, चेहरा पडलेला, आईवर रागवावं की नाही ते न कळून. डॉक्टरीणबाई म्हणाली, उशीर झालाय, पण वाचवता येईल, आजच करू. आक्कानं माझं मनगट धरलं ते सोडेना. आत नातेवाईक सोडत नाहीत. मी सांगितलं, "हिनं मला सोडलं तर घरी पळेल. बघा काय करता." मग मलाही एक नारिंगी चष्मा चढवला आणि आत घेतलं.

खोलीत अंधूक उजेड. यंत्रासमोर स्टूल. हनुवटी टेकवायला एक वाटीसारखी जागा, कपाळ टेकवायला पट्टी. आक्का बसली, हनुवटी टेकवली. डॉक्टरीणबाईनं डोळ्यावर भिंग लावलं. पहिली हिरवी ठिणगी पडली आणि आक्का झटक्यात मागे आली.

"ऐसा हिले तो नहीं होता, अम्मा."

परत बसवलं. परत मागे आली.

"मला जमत नाही भामे. चल घरी."

"घरी जाऊन काय बघणार?" मी म्हणलं. "पुढं व्हा."

ती पुढं झाली. मी तिच्या मागे उभी राहिले. दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं, कानांच्या वर, आणि पट्टीला टेकवून दाबलं. केस विरळ झाले होते, हाताला टाळू लागत होती. तिची मान थरथरत होती. त्या थरथरीबद्दल मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"आता सोडणार नाही," मी म्हणलं. "चिमटा आहे. येईल आणि जाईल."

ठिणगी पडली. मान मागे यायला बघत होती, मी येऊ दिली नाही. परत ठिणगी. परत. हळूहळू मान माझ्या हातात सैल झाली.

कपाळ टेकवून, हनुवटी टेकवून, माझी थोरली जाऊ खाली वाकून बसलेली होती, आणि मी मागे ताठ उभी, मान वर. आता जे सुचलं ते न बोलता राहिले असते तर मी भामा कसली?

एक हात जरा वर सरकवला, तिच्या डोक्याच्या मधोमध ठेवला आणि म्हणलं,

"असू दे, असू दे. सुखी राहा."

हनुवटी वाटीत अडकलेली. तिला बोलता येईना. पण खांदे हलायला लागले, हसण्यानं की रागानं ते मागून मला दिसेना.

"अम्मा, हिलना नक्को," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"हलत नाही ती," मी म्हणलं. "मी धरलीय. तू चालू दे."